गॅरेजातला पोरगा कायद्याने कोण? छोट्या धंद्यात शिकाऊ उमेदवार घेण्याबद्दल

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणातल्या गॅरेजांत आणि वेल्डिंगच्या शेडांत बाप मुलाला घेऊन उभा राहतो. "जरा हाताखाली घ्या. पैशाचं नंतर बघू, आधी काम शिकू दे." मालकालाही माणूस हवाच असतो. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरावर विचारा, इंजिनाचं काम येणारी माणसं मिळत नाहीत ही रड सगळीकडे सारखीच. मग पोरगा दुसऱ्या दिवसापासून यायला लागतो. चहा आणतो, पाने पुसतो, शनिवारी हातात काहीतरी पडतं. दोन वर्षांनी तो मिस्त्री होतो किंवा मुंबईची गाडी पकडतो.

या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही. हा पोरगा कायद्याच्या नजरेत आहे तरी कोण? मालक म्हणतो शिकाऊ, बाप म्हणतो शिकाऊ, गावही तेच म्हणतं. कायदा मात्र त्याला बहुतेक वेळा साधा कामगार धरतो, म्हणजे त्याला किमान वेतन लागू. शिकाऊ उमेदवार ही कायद्यातली वेगळी जागा आहे. तिथे बसायचं तर करार हवा, नोंदणी हवी. छोट्या मालकाला हे जमतं का, परवडतं का आणि त्यात फायदा कोणाचा, एवढंच या लेखात पाहायचं आहे.

आधी योजनांचा गुंता सोडवू

गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या योजनांची नावं कानावर आली की माणूस भांबावून जातो. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' असं नाव ठेवलं. तिच्यात बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना सरकार देतं. कामाचा अनुभव मिळावा हा तिचा हेतू, आणि मूळ मुदत सहा महिन्यांची. त्याच वर्षी केंद्राची पीएम इंटर्नशिप आली. ती देशातल्या मोठ्या पाचशे कंपन्यांसाठी आहे, त्यामुळे राजापूरच्या लेथवाल्याने तिच्याकडे पाहायचं कारण नाही.

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ची. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार तर आहेतच, शिवाय होडी बांधणारे आणि मासेमारीचं जाळं विणणारेही आहेत, म्हणून ती आपल्याकडे चांगली चालली. पण ती कारागिरासाठी आहे: त्याचं स्वतःचं प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंतची अवजारं, सवलतीचं कर्ज. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलासाठी तिच्यात वेगळी सोय नाही.

आपल्या कामाचा आहे तो शिकाऊ उमेदवारीचा कायदा, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप. तो १९६१ चा आहे, पण छोट्या मालकाच्या उपयोगाचा झाला तो २०१४ ची दुरुस्ती आणि २०१९ चे नवे नियम आल्यावर. त्याआधी तो मोठे कारखाने डोळ्यांसमोर ठेवून चालायचा. वडीलधारे मालक अजून जे ऐकीव सांगतात त्यातलं बरंचसं त्या जुन्या काळातलं आहे.

शिकाऊ आणि कामगार यांत फरक काय

कामगार काम करतो आणि मजुरी घेतो. शिकाऊ उमेदवार शिकायला आलेला असतो, शिकता शिकता काम करतो, आणि त्याला मिळतं ते विद्यावेतन. कायदा स्पष्ट सांगतो की नोंदणी झालेला शिकाऊ हा कामगार नाही. म्हणून किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) यांतलं काही त्याला लागू होत नाही. छोट्या मालकाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे.

पण दिलाशाबरोबर जबाबदारी येते. शिकाऊ म्हणायचं तर शिकवलं पाहिजे, आणि काय शिकवणार ते आधी सांगितलं पाहिजे.

मासेमारीच्या बोटीवर हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. नवा पोरगा बोटीवर आला की तो आधी भंडाऱ्याच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या, हाताखाली जातो, जेवण रांधतो, डेक धुतो. मग त्याला मासळी निवडायला बसवतात, मग जाळ्यावर घेतात. मशीन आणि सुकाणू सगळ्यांत शेवटी. कुठल्या पोराला कधी काय द्यायचं ते तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, डोक्यात पक्कं असतं. कायदा तेच मागतो, फक्त डोक्यातलं कागदावर मागतो. एकदा कागदावर आलं की पोरगा दोन वर्षं नुसता जेवणच रांधत बसला असेल तर ते दिसतं.

पहिलीच अट आडवी येते

२०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनाला शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मालकाच्या मर्जीवर. या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. चाराच्या खाली असाल तर या चौकटीत शिकाऊ घेता येत नाही.

इथेच अर्धं कोकण गळतं. नवरा-बायको आणि एक हेल्पर असं शिवणकामाचं दुकान, बाप-लेकाची सुतारशाळा, एकट्या माणसाची फ्रिज दुरुस्ती. आपल्याकडचे बरेचसे धंदे याच मापाचे. माझ्या मते हा या कायद्याचा सगळ्यात मोठा दोष आहे. हात शिकतो तो अशाच ठिकाणी, जिथे उस्ताद आणि पोरगा दिवसभर एकमेकांसमोर असतात. अशा मालकांनी काय करावं ते पुढे येईलच.

चार किंवा जास्त माणसं असतील तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेता येतात. दहा जणांच्या वर्कशॉपला पंधरा टक्क्यांनी दीड येतं. म्हणजे छोट्या मालकाने एकाच मुलाचा विचार करावा, आणि पहिल्या खेपेला एक पुरेही होतो. एका मुलाला नीट शिकवणं काय असतं ते शिकवायला बसल्यावरच कळतं.

पैसे किती, आणि कोणाच्या खिशातून

२०१९ च्या नियमांनी महिन्याचं किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ठरवलं. पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्याला ५,०००, दहावी पास असेल तर ६,०००. बारावी पास किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये. दुसऱ्या वर्षी यात दहा टक्के वाढ द्यायची. मालकाला वाटलं तर तो जास्त देऊ शकतो, कमी देता येत नाही.

यातला काही भाग केंद्र सरकार उचलतं. २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिच्यातून किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतात. पूर्वी मालकाने आधी सगळे पैसे द्यायचे आणि मग सरकारकडून परत मिळायची वाट पाहायची, असा प्रकार होता. २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात जातो. मालकाने आपल्या वाट्याचे तेवढे भरायचे.

आयटीआय झालेला मुलगा घेतलात तर हिशेब असा: विद्यावेतन ७,०००, त्याचे २५ टक्के १,७५० होतात, पण कमाल १,५०० म्हणून सरकारचे १,५०० आणि तुमचे ५,५००. दहावी पास मुलगा असेल तर सरकारचे १,५०० आणि तुमचे ४,५००.

मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवावं, म्हणजे ५,००० ते ९,००० ची पट्टी ६,८०० ते १२,३०० वर न्यावी, अशी शिफारस केली. प्रोत्साहन योजनाही ठरावीक मुदतीची असते आणि ती मुदत वाढवली जाते. त्यामुळे करार करायच्या दिवशी सरकारी पोर्टलवर चालू आकडा पाहून घ्यावा, आणि हिशेब मांडताना हात थोडा सैल ठेवावा.

दोन बारीक नियम आपल्याकडे सर्रास मोडले जातात. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचं. आणि ते नगावर द्यायचं नाही. 'जेवढे बॉक्स ठोकशील तेवढे पैसे' हे आंब्याच्या हंगामात मजुराला चालतं, शिकाऊ उमेदवाराला चालत नाही. कारणही उघड आहे. नगावर पैसे मिळायला लागले की मुलगा जे येतं तेच करत राहतो आणि नवीन काही शिकत नाही.

खरा खर्च वेगळाच आहे, आणि तो कुठल्याच सरकारी कागदावर दिसत नाही. तुमच्या सगळ्यात चांगल्या मिस्त्रीचा रोजचा तासभर जातो. शिवाय वाया गेलेले वेल्डिंग रॉड, चुकीच्या मापाने कापलेली फळी, घट्ट आवळून तोडलेला बोल्ट. पहिले तीन-चार महिने मुलगा तुमचं काम वाढवतो, कमी करत नाही. हे ज्याला सोसणार नाही त्याने शिकाऊ घेऊ नये, सरळ मजुरीवर हेल्पर ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

कुठला मुलगा घ्यावा

कायद्याने वय किमान चौदा, आणि धोकादायक उद्योगांत अठरा. माझं ऐकाल तर अठराखालचा मुलगा घेऊच नका. ग्राइंडर, गॅस कटिंग, चालू वीज, बोटीवरची चढउतर यांतलं काही ना काही आपल्या बहुतेक धंद्यांत असतंच. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं हा बालकामगार कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो कायदा आणखी कडक झाला आहे. 'त्याच्या बापानेच आणून सोडला' हे तिथे चालत नाही.

छोट्या मालकाने पहिल्यांदा आयटीआय झालेला मुलगा पाहावा. नवख्या मुलाला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं, त्याची वेगळी सोय बघावी लागते. आयटीआयवाल्याला त्यातून सूट आहे. तो फाइल धरायला शिकून आलेला असतो, व्हर्नियर वाचता येतो, आणि थेट कामावर शिकायला बसू शकतो. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, फ्रिज-एसी मेकॅनिक हे सगळे सरकारने ठरवलेले ट्रेड, म्हणजे व्यवसाय आहेत, त्यांचा अभ्यासक्रम तयार असतो. तुमचा धंदा या यादीत बसत नसेल, समजा काजू प्रक्रिया किंवा निवास-न्याहारी, तर २०१४ नंतर ऐच्छिक ट्रेडची वाट आहे. तिथे अभ्यासक्रम ठरवण्यात मालकालाही वाव असतो आणि मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येते.

मुली. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि बेकरीच्या वर्गांत मुली असतात, पण वर्कशॉपांत दिसत नाहीत. मालकांशी बोललं की कळतं, त्यांची काळजी बहुतेक वेळा शेवटच्या एसटीची असते. शिकाऊ उमेदवाराचे तास २०१४ पासून मालक ठरवतो आणि जादा वेळ थांबवायला अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे साडेपाचच्या गाडीने मुलगी घरी जाणार हे कराराच्या दिवशीच ठरवता येतं, रोज तोंड बघत बसावं लागत नाही.

नोंदणी करायची कशी

मालकाने अ‍ॅप्रेंटिसशिप इंडिया या केंद्र सरकारच्या पोर्टलवर आपल्या आस्थापनाची नोंदणी करायची. पॅन, बँक खातं, धंद्याचा पुरावा आणि माणसांची संख्या एवढं हाताशी ठेवावं. मुलगाही तिथेच नाव नोंदवतो. त्याचं आधार, शाळेचा दाखला आणि आधार जोडलेलं खातं लागतं. मग मालक आणि मुलगा करार करतात. मुलगा अठराखालचा असेल तर पालकाची सही लागते. कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर चढवायचा, आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागार नावाचा सरकारी अधिकारी तो तपासून नोंदवतो.

कॉम्प्युटरचा कंटाळा असेल तर आयटीआयमध्ये जाऊन विचारा. जिल्ह्यातला शिकाऊ उमेदवारीचा कारभार मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र पाहतं. नाव लांबलचक आहे, पण आयटीआयमध्ये 'बीटीआरआय' म्हणालात की कुठे जायचं ते दाखवतील. तिथेच दोन गोष्टी विचारून घ्या: तुमच्या माणसांच्या संख्येवर किती मुलं घेता येतील, आणि शिकवणाऱ्या मिस्त्रीची पात्रता काय लागते. प्रशिक्षणाची जबाबदारी पात्र माणसाकडे असली पाहिजे, असं कायदा म्हणतो. आपल्याकडचे हाडाचे मिस्त्री आयटीआयचं तोंड न पाहिलेले असतात, म्हणून हा प्रश्न करारानंतर नव्हे, आधी सोडवावा.

शिकवायचं काय, आणि कधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ट्रेडचा सरकारी अभ्यासक्रम देशभरासाठी बनतो. त्याला कोकणचा पाऊस ठाऊक नाही, मासेमारीची बंदी ठाऊक नाही, मे महिन्यात मालवणात पर्यटक किती येतात तेही नाही. अभ्यासक्रमातले विषय तेच ठेवून त्यांचा क्रम आपल्या वर्षाप्रमाणे लावणं मालकाच्या हातात असतं.

समजा, बंदराजवळ बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनं खाली उतरतात. वर्षभरातलं शिकण्याचं सगळ्यात सोन्यासारखं काम याच दोन महिन्यांत असतं, आणि नेमकी याच दोन महिन्यांत मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून मुलगा जूनमध्ये घेतला तर तो नुसता हरकाम्या होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा. सुरुवातीला पान्यांची मापं, सुटे भाग ओळखणं, डिझेलचे फिल्टर बदलणं, पाण्याच्या पंपाचा इंपेलर काढणं-बसवणं. पावसाळ्यात इंजिन उघडेल तेव्हा तो हेड उतरवायला हाताशी असेल, लायनर आणि पिस्टन रिंगांची मापं घेईल, प्रत्येक माप वहीत लिहील. ऑगस्टात बोटी पाण्यात गेल्या की बिघाडाचे फोन सुरू होतात. तेव्हा त्याला बरोबर न्यावं आणि आधी त्यालाच विचारावं, काय झालं असेल? चुकला तरी चालेल. हंगामाच्या मध्यावर गिअर बॉक्स आणि शाफ्टची रांग लावणं. हे शेवटी, कारण इथे चूक महाग पडते.

फ्रिज-एसीच्या दुकानाचं वर्ष वेगळं. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यावरच्या एसीची बाहेरची कॉइल गंजून खाल्ली जाते. लॉजवाले मे महिन्याआधी सगळी यंत्रं तपासून घेतात. त्या गर्दीत मुलगा धुलाई आणि साफसफाई भरपूर करील, पण गळती शोधणं, ब्रेझिंग, गॅस भरणं हे पावसाळ्याच्या सुस्त महिन्यांत दुकानातल्या जुन्या यंत्रावर शिकवावं. तिथे गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं नसतं.

कागद फार मोठा लागत नाही. एका वहीत डावीकडे काम, उजवीकडे चार रकाने: पाहिलं, हाताशी राहून केलं, एकट्याने केलं, दुसऱ्याला सांगता आलं. शनिवारी दहा मिनिटं मिस्त्री आणि मुलगा वही घेऊन बसले की पुरे. दोन महिने एकाच रकान्यात अडकलेलं काम लगेच डोळ्यात भरतं. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा खोट मुलात नसते. मिस्त्रीने ते काम त्याच्या हातात दिलेलंच नसतं. हातातलं गुपित सोडवत नाही, हा आपल्या उस्तादांचा जुनाच स्वभाव.

"मिया तेका शिकवलंय, नि तो गेलो मुंबैक"

सिंधुदुर्गात कुठल्याही मालकाशी पाच मिनिटं बोला, हे वाक्य येणारच. ते खोटंही नाही. चाकरमान्यांच्या मुलुखात हात शिकलेला मुलगा बाहेर जाणारच.

कायदा मुलाला मुदतीनंतर बांधून ठेवत नाही. मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असं नाही आणि मुलाने ती घेतलीच पाहिजे असंही नाही. करारात तशी अट दोघांनी मान्य केली असेल तर गोष्ट वेगळी. कागद नसलेल्या पोराच्या बाबतीत तर तो शिमग्याला घरी गेला तो परत आलाच नाही, असं घडतं. करार असेल तर मुदत ठरलेली असते. मधेच सोडायचं तर दोघांपैकी कोणालाही सल्लागार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि ज्याच्या चुकीने करार मोडला त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते.

मुलाला थांबवणारी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र. मुदत पुरी करून परीक्षा दिली की राष्ट्रीय पातळीवरचं शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेपासून गोदीपर्यंत भरतीच्या जाहिरातींत ते विचारलं जातं. आठव्या महिन्यात सोडून गेला तर ते हातचं जातं, हे मुलापेक्षा त्याच्या आईला लवकर कळतं. म्हणून कराराच्या दिवशी आईलाही बोलवावं.

त्यानंतर गेला तर गेला. वर्षभरात त्याने शेवटच्या चार-पाच महिन्यांत जे काम केलं त्यात तुमचे बरेचसे पैसे वसूल झालेले असतात. तरीही तो राहावा असं वाटत असेल तर मुदत संपायच्या दोन महिने आधी त्याला पगाराचा आकडा सांगा. गावातला मालक सहसा हा आकडा मुलाने मुंबईचं तिकीट काढल्यावर सांगतो.

"इन्स्पेक्टर दारात येईल"

ही भीती २०१४ च्या आधीची. तेव्हा कायदा मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती, म्हणून मालक या वाटेला जायचेच नाहीत. दुरुस्तीनंतर कैद काढून टाकली आणि दंड ठेवला. सक्तीची भरती करायची ती तीस किंवा जास्त माणसांच्या धंद्यांनी. तुम्ही मर्जीने एक मुलगा घेणार असाल तर काळजी तीनच गोष्टींची: विद्यावेतन वेळेवर, शिकवणं ठरल्याप्रमाणे, जादा वेळ परवानगीशिवाय नाही.

उलट विचार करा. आज तुमच्याकडे येणाऱ्या बिनकागदाच्या पोराची तक्रार झाली तर तो कायद्याने कामगार ठरेल, आणि मागचा सगळा किमान वेतनाचा फरक तुमच्याकडे मागता येईल. 'आम्हीसुद्धा फुकट शिकलो' हे कितीही खरं असलं तरी तिथे उपयोगी पडत नाही.

हात कापला तर

शिकाऊ उमेदवाराला ईएसआय लागू नाही हे वर फायदा म्हणून सांगितलं. त्याची दुसरी बाजू ही. कामावर इजा झाली तर कामगाराप्रमाणेच नुकसानभरपाई द्यायची जबाबदारी मालकाची आहे, आणि मागे ईएसआयचं दवाखाना-भरपाईचं छत्र नाही. म्हणून पहिल्या दिवशी अपघात विमा काढावा. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, वेल्डिंगची काच हे सगळं मालकाने द्यायचं. आपल्याकडे चप्पल घालून ग्राइंडर चालवायची रीत आहे. मिस्त्री तसं करत असेल तर मुलगाही तेच करणार, तेव्हा बूट आधी मिस्त्रीला घ्यावेत.

तीनच माणसं असतील तर

तर दोन वाटा उरतात. पहिली सरळ: मुलाला कामगार म्हणून ठेवा, किमान वेतन द्या, आणि वर सांगितलेली वही चालू ठेवा. सरकारी अनुदान मिळणार नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही, पण मुलगा शिकेल आणि तुम्ही कायद्यात बसाल. पुढे माणसं वाढली की करार करता येईल.

दुसरी वाट म्हणजे शेजाऱ्याला मदत करणं. कायद्यात मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण द्यायची सोय आहे, स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. कुडाळ, मिरजोळे, लोटे इथल्या औद्योगिक वसाहतींत हे सहज जमावं. एका शेडमध्ये लेथ असते, दुसऱ्यात वेल्डिंग, तिसऱ्यात पॅनल जोडणी. एकाच्या नावावर करार, पण मुलगा वर्षभरात तिन्ही ठिकाणी हात बसवून येतो. हे ठरवायचं झालं तर करारातच लिहावं, कुठल्या महिन्यात कुठे. तोंडी ठरवलं की मुलगा कुठेच नसतो आणि प्रत्येकाला वाटतं तो दुसऱ्याकडे आहे.

मुदत संपली त्या दिवशी

परीक्षा झाली, प्रमाणपत्र हातात आलं, आणि मुलगा म्हणाला, राहतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच पायरीवर, तोच पाना घेऊन बसलेला असेल, पण करार संपल्याबरोबर तो शिकाऊ राहत नाही, कामगार होतो. किमान वेतन सुरू, हजेरीपटावर नाव, माणसांच्या संख्येत एक वाढ. तुमच्या माणसांच्या संख्येवर भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय लागत असेल तर तेही त्याच तारखेपासून सुरू करावं लागेल. म्हणून कराराची शेवटची तारीख कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवावी. ती महिन्याच्या मध्यावर येत असेल तर त्या महिन्याचे पैसे दोन तुकड्यांत काढायचे: तारखेपर्यंत विद्यावेतन, पुढे पगार.